नागराजाचें ताट

नागपंचमीस नागापुढें दुधाची वाटी ठेवून आपण कृतार्थ होतों. परंतु दूध हें सर्पाचें अन्नच नव्हे. गारुड्याचा नाग तें पितो, तो केवळ तहानेपोटीं. दक्षिण सह्याद्रीच्या अरण्यांतील नागराजाची तर तऱ्हाच निराळी! त्याचें मुख्य भक्ष्य इतर सर्प. प्राणिसंग्रहालयांत नुसता उंदीर पुढें केल्यास तो बहुधा तोंड फिरवितो. म्हणून त्यास धामणीसारखे सर्प द्यावे लागतात, किंवा मेलेल्या उंदरास सर्पाचा गंध लावून हळूहळू संवय पालटावी लागते. असा सर्प घरीं पाळणें १९७२ च्या वन्यजीव-संरक्षण कायद्यानें निषिद्धच आहे. आम्हांस वाटतें, ज्याची भूक आपण जाणत नाहीं, त्यास दुरूनच नमस्कार करावा. तीच खरी पूजा.