सुट्टे पैसे, माप आणि काउंटरपुढचा संकोच

कल्याण-डोंबिवली आणि ठाण्यातील वस्त्यांमध्ये आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, रेशनकार्डावरची नावे अशा कामांसाठी फिरतो. या फिरण्यात एक गोष्ट सतत कानावर पडते, पण तक्रार म्हणून ती कुणीच सांगत नाही. "दुकानदाराने पाच रुपये कमी दिले, जाऊ द्या." "रेशनवर दोन किलो कमीच भरले, पण बोलणार कोण?" लेखाचा विषय पाच रुपये किंवा दोन किलो एवढाच नाही. त्यानंतर येणारे "जाऊ द्या" कुठून येते, हेही समजून घ्यायचे आहे.

पैसे कमी देण्याचे प्रकार मोजकेच असतात, आणि त्यात हातचलाखीपेक्षा घाईचा वाटा मोठा. संध्याकाळी डोंबिवली स्टेशनवर लोकल रिकामी होते, तेव्हा बाहेरच्या दुकानात प्रत्येकाच्या मागे पाच-सहा माणसे उभी असतात. सामान १३२ रुपयांचे, नोट ५०० ची. परत यायला हवेत ३६८. हातात आधी ३०० येतात, थोड्या वेळाने ५०, आणि लगेच पिशवी पुढे सरकवली जाते. उरलेले १८ रुपये मागायचे तर रांग अडवावी लागते, आणि मागचा माणूस "चला ना ताई" म्हणत असतो. दुसरा प्रकार नोटेचा. "५०० कुठे दिलीत? १०० ची होती." नोट गल्ल्यात गेली की आपला पुरावा संपला. कधी दुमडलेली नोट दोन नोटा म्हणून मोजली जाते, कधी फाटकी नोट चांगल्या नोटांच्या मधे घातली जाते.

मॉलमध्ये हे कमी चालते. तिथे एकच वस्तू दोनदा स्कॅन होते, फळीवर लिहिलेली सूट बिलात उतरत नाही, आणि ९९, १९९, २९९ अशा किमतींतला शेवटचा रुपया परत येत नाही. त्याऐवजी चॉकलेट मिळते. (तेच चॉकलेट दुसऱ्या दिवशी त्याच काउंटरवर एक रुपया म्हणून देऊन बघावे, असे आम्ही तरुणांना नेहमी सांगतो.) दिवसाला २०० गिऱ्हाइकांकडून एकेक रुपया राहिला, तरी महिन्याचे ६,००० रुपये होतात.

यूपीआय आल्यापासून हे सगळे संपले, असे आपल्या तरुणांना वाटते. ज्यांच्या हातात फोन आहे त्यांच्यापुरते ते बरेचसे खरे आहे. पण नाक्यावरच्या मजुराला मजुरी रोख मिळते, घरकाम करणाऱ्या बाईला पगार बऱ्याचदा रोख मिळतो, आणि म्हाताऱ्या आईच्या कमरेच्या बटव्यात अजूनही नोटाच असतात. म्हणजे फसण्याची शक्यता कमी झाली ती शिकलेल्यांची. बाकीच्यांची होती तिथेच आहे.

हा अनुभव सगळ्यांनाच येतो, मग बौद्ध समाजाने त्याचा वेगळा विचार का करायचा, असे कुणी विचारील. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. खेड्यात आपल्या आजी-आजोबांनी दुकानाच्या पायरीखाली उभे राहून खरेदी केली. पैसे दुरून ठेवायचे, सामान वरून पदरात किंवा धोतराच्या सोग्यात टाकले जायचे. या व्यवहाराला आपण अपमान म्हणून ओळखतो, आणि तो होताच. पण ती आर्थिक लूटही होती. जो पायरी चढू शकत नाही, त्याला तराजूचा काटा जवळून दिसत नाही. ज्याच्या हातात नाणी टाकली जातात, तो ती दुकानदारासमोर मोजून परत मागू शकत नाही. स्पर्शाची बंदी म्हणजे हिशेब तपासण्याचीही बंदी होती.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी लहानपणीचा एक प्रवास सांगितला आहे. वडील सातारा जिल्ह्यात तलावाच्या दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांच्याकडे निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण तयार झाला, तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर. तो स्वतः बाजूने चालणार होता. ही हकिकत आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो. ती बाजाराचा दाखला म्हणूनही वाचायला हवी: सेवा अर्धी, दर दुप्पट, आणि घासाघीस करायला जागा नाही.

ती पायरी ठाण्या-कल्याणात राहिलेली नाही. मराठवाडा-विदर्भातून आलेल्या आमच्या माणसाला इथल्या दुकानात कुणी जात विचारत नाही. पण काउंटरपुढे आवाज खाली जाण्याची सवय दोन-तीन पिढ्यांनी गिरवलेली आहे आणि ती रेल्वेच्या तिकिटाबरोबर मागे राहत नाही. वस्तीत उधारीवर जगणाऱ्यांना तर आणखी एक भीती असते. आज १८ रुपयांसाठी वाद घातला, तर महिनाअखेरीस तो किराणावाला उधारीवर तेल देईल का? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी न्यूयॉर्कमधील गरीब कुटुंबांच्या खरेदीचा अभ्यास करून १९६३ मध्ये 'द पुअर पे मोअर' हे पुस्तक लिहिले. गरिबाला वस्तू महाग पडते, कारण उधारीमुळे तो ठरावीक दुकानाला बांधलेला असतो, हा त्यातला मुद्दा नेतिवलीच्या टेकडीवर किंवा वागळे इस्टेटच्या चाळीत बसूनही सहज समजतो.

रोख पैशांपेक्षा मोठी गळती मापात आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. मोफत झाल्यामुळे पैशातली कपात संपली, पण तोंडही बंद झाले. "फुकट मिळतंय, त्यात काय मोजायचं?" असे आता आपलेच लोक म्हणतात. पाच माणसांच्या कुटुंबाला २५ किलो मिळायला हवे. दरमहा २ किलो कमी भरले, तर वर्षाला २४ किलो गेले, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचे पूर्ण धान्य. पॉस मशीनवर अंगठा उमटला की सरकारच्या नोंदीत २५ किलोच जातात. म्हणून अंगठा देण्याआधी किती भरणार ते विचारायचे, मशीनमधून निघणारी पावती घ्यायची आणि काट्यावरचा आकडा पिशवी उचलण्याआधी वाचायचा. कमी भरले तर १९६७ या क्रमांकावर किंवा आपल्या भागातील शिधावाटप कार्यालयात तक्रार करता येते. दुकानात सात-आठ बायका एकदम गेल्या, तर तक्रारीची वेळ सहसा येत नाही, असे आम्ही बघितले आहे.

इथे धम्माचा संबंध ओढूनताणून आणण्याची गरज नाही. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात तथागत ज्या गोष्टींपासून दूर राहतात त्यांची यादी आहे. तीत खोटा तराजू, खोटा धातू आणि खोटे माप ही तिन्ही नावे घेऊन सांगितली आहेत. जातककथांमध्ये सेरिव राज्यातल्या दोन फेरीवाल्यांची गोष्ट आहे. गरीब आजी आणि नातीकडे काळवंडलेले सोन्याचे ताट असते, पण ते सोन्याचे आहे हे त्यांना माहीत नसते. लोभी फेरीवाला सुईने ओरखडा काढून बघतो, सोने ओळखतो आणि हे अर्ध्या दमडीचेही नाही असे सांगतो. त्याची सगळी कमाई समोरच्याच्या न कळण्यावर उभी आहे. दुसरा फेरीवाला खरी किंमत सांगतो. उपासक-उपासिकांच्या शिबिरात दुसरे शील शिकवताना ही गोष्ट आपण क्वचितच सांगतो, आणि सांगितली तरी ती फक्त विकणाऱ्यासाठी म्हणून सांगतो.

आता कायद्याकडे. १९८६ च्या जागी आलेला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. बिल किंवा पावती न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे. नाण्यांबाबतचा कायदा २०११ चा आहे. रुपया आणि त्यावरची नाणी १,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारात चालतात, आणि ५० पैशांचे नाणेही १० रुपयांपर्यंत कायदेशीर आहे. टॉफी मात्र कुठल्याच कायद्यात चलन नाही. १० रुपयांच्या नाण्याच्या सर्व नक्षी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने वेळोवेळी स्पष्ट केले आहे, तरी अनेक दुकानांत ते नाकारले जाते. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, 'कूलिंग'च्या नावाखालीही नाही. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैध मापन शास्त्र विभागाकडून तपासून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. मिठाई तोलताना खोक्याचे वजन मिठाईच्या भावाने लावणे बेकायदा आहे.

रेल्वेचे उदाहरण आपल्या रोजच्या वाटेवरचे आहे. रेल नीरचा एक कारखाना आपल्याच अंबरनाथला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या लिटरच्या बाटलीची किंमत १५ वरून १४ रुपये झाली. २० ची नोट देऊन ६ रुपये परत मागणारे प्रवासी फलाटावर किती दिसतात, ते पाहावे. १३९ वर तक्रार करता येते.

एवढ्या छोट्या रकमेसाठी कुणी लढते का? मथुरेचे वकील तुंगनाथ चतुर्वेदी लढले. डिसेंबर १९९९ मध्ये मथुरा छावणी स्टेशनवर त्यांनी मुरादाबादची दोन तिकिटे काढली. ३५ प्रमाणे ७० रुपये होत होते. त्यांनी १०० ची नोट दिली, बुकिंग क्लार्कने ९० कापून १० परत केले. २० रुपयांचा हा खटला शंभरहून अधिक तारखांनंतर ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. २० रुपये १२ टक्के व्याजाने आणि वर १५,००० रुपये द्या, असा आदेश रेल्वेला झाला. चंडीगढच्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये बाटा कंपनीला कागदी पिशवीचे ३ रुपये परत करून भरपाई देण्यास सांगितले होते. प्रत्येकाने २२ वर्षे कोर्टात जावे असे आम्ही म्हणत नाही. वस्तीतल्या माणसाला एका तारखेसाठी एक खाडा पडतो, ते परवडणारे नाही. त्याच्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जायचेच ठरले, तर ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मात्र दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो: बिल आहे का?

महाराष्ट्रात ग्राहक चळवळ जुनी आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. पण ही चळवळ सोसायट्यांमध्ये जितकी रुजली, तितकी वस्तीत आली नाही, आणि आपल्या संघटनांनीही तिला हात लावला नाही. मोर्च्याच्या मानाने हा विषय आपल्याला किरकोळ वाटत आला.

आपली मुले आता राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर बाहेर शिकायला जातात, कुणी आखाती देशांत कामाला जातात. तिथे शिकलेला तरुणही पहिल्या महिन्यात वस्तीतल्या आजीसारखाच अडखळतो. अमेरिकेत फळीवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो काउंटरवर वाढतो. तिथले १० सेंटचे नाणे ५ सेंटच्या नाण्याहून लहान असते आणि त्यावर १० हा आकडाच नसतो. कॅनडात २०१३ पासून एक सेंट चलनातून काढून घेतला आहे, म्हणून रोख बिल जवळच्या ५ सेंटला पूर्ण केले जाते. ती फसवणूक नव्हे. दुबईत एका दिरहमचे १०० फिल्स होतात, पण कुवेत आणि बहरीनमध्ये एका दिनारचे १,०००. कार्डाचे मशीन कधी कधी विचारते, पैसे रुपयांत कापू की इथल्या चलनात? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून बोट तिकडे जाते आणि वाईट दराने पैसे कापले जातात. स्थानिक चलन निवडावे. जाण्याआधी तिथली नाणी ओळखायला एक संध्याकाळ द्यावी, आणि काउंटरवर मोडक्या इंग्रजीत का होईना, "पुन्हा मोजून द्या" म्हणायला लाजू नये.

शेवटी काउंटरच्या पलीकडे उभे असलेल्यांविषयी. ठाण्या-कल्याणच्या मॉलमध्ये, मेडिकलमध्ये, पेट्रोल पंपावर गल्ला सांभाळणारी अनेक मुले-मुली आपल्याच वस्तीतली आहेत. रात्री हिशेब जुळला नाही तर तूट त्यांच्या पगारातून कापली जाते. सकाळी सुट्टे पैसे पुरेसे देत नाहीत आणि रुपया-रुपयाचा हिशेब मात्र मागतात, असे त्या मुली सांगतात. त्यामुळे पैसे मागताना "ताई, १८ रुपये राहिले" एवढेच म्हणावे. चोर ठरवून सुरुवात करू नये. आणि गल्ल्यावर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तूट कुणाच्या हलगर्जीमुळे झाली हे न पाहता, तुमचे म्हणणे न ऐकता पगार कापणे वेतनाच्या कायद्याला मान्य नाही. पाळी सुरू होताना गल्ल्यात किती रक्कम मिळाली ते लिहून त्यावर सुपरवायझरची सही घ्यावी, आणि त्या कागदाचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवावा.