ग्वाल्हेरला आपण केव्हा आलो? सरकारी दप्तरात घराण्याचा शोध

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते : "आपण महादजींबरोबर आलो." आपल्या मंडळात ज्यांनी ज्यांनी घराण्याची माहिती लिहून आणली, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात याच वाक्याने होते. ते खोटेच असेल असे नाही. पण महादजी शिंदे 1794 मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले, आणि आपले लष्कर वसू लागले ते दौलतरावांनी 1810 मध्ये उज्जैनहून राजधानी इकडे आणल्यावर. मधली सोळा वर्षे तो पूर्वज कुठे होता? उज्जैनला, छावणीत, की परत गावी? आणि काही घराणी तर त्यानंतर खूप उशिरा आली. कोणी 1818 मध्ये पेशवाई गेल्यावर चाकरी शोधत, कोणी माधवराव महाराजांच्या काळात (1886 ते 1925) मास्तर किंवा कारकून म्हणून. त्यात कमीपणा काहीच नाही. खरे काय ते कळावे एवढ्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

सुरुवात सरकारी कचेरीतून करू नका, घरातून करा. माळ्यावरची पेटी, देवघरामागचे कपाट, आजीच्या ट्रंकेचा तळ. सनद, वाटणीपत्र, जुनी पेन्शनची कागदे, मुंजीच्या खर्चाची यादी, काहीही चालेल. मागे आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा लष्करातला वाडा विकला गेला तेव्हा मोडी कागदांचे दोन रुमाल रद्दीत गेले. "वाचता येत नव्हते, मग ठेवून काय करायचे?" असे घरच्यांनी सांगितले. उरले ते चार कागद, तेही कोणीतरी फोटोच्या चौकटीमागे दडपले होते म्हणून. आज त्या घरात आजोबांच्या आजोबांचे नाव कोणालाच सांगता येत नाही.

घरानंतर मोहल्ला पाहा. लष्करची नावे हेच एक दप्तर आहे. निंबाळकर की गोठ, बक्षी की गोठ यांतला 'गोठ' म्हणजे गुरांचा गोठा नव्हे, तर आपला मराठी 'गोट', म्हणजे सरदाराची छावणी, असे मानायला भरपूर आधार आहे. जिन्सी म्हणजे तोफखाना, कंपू म्हणजे कवायती पलटणींचा तळ, पागनवीसी म्हणजे पागेचा हिशेब ठेवणारे. तुमचे मूळ घर कुठल्या गोठीत होते हे कळले, तर कोणत्या पथकाच्या कागदांत शोधायचे याचा अंदाज येतो.

आता सरकारी दप्तरे. ग्वाल्हेर संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात गेले आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात मिळाला. राजधानी भोपाळला गेली आणि कागद विखुरले. दरबारचे जुने कागद पाहायला भोपाळच्या राज्य अभिलेखागारात जावे लागते. जमिनीचे कागद, म्हणजे खसरा, खतौनी आणि माफीच्या नोंदी, जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मागावे लागतात. देवस्थानाची जमीन घराण्याकडे असेल तर 'माफी औकाफ' हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडे पुजाऱ्यांच्या पिढ्या या नोंदींतून चांगल्या सापडतात. ज्यांच्याकडे जहागीर होती त्यांनी 1951 च्या मध्य भारत जहागीर उन्मूलन कायद्याखालची प्रकरणे जरूर काढावीत. भरपाई मागायची तर हक्क कुठून आला आणि आज वारस कोण, हे दाखवावे लागत असे.

रेसिडेन्सीचे आणि परराष्ट्र खात्याचे इंग्रजी कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येते. शोधताना मात्र आडनावाची सगळी रूपे घालून पाहा. हिंदी कागदात आपला 'ळ' टिकत नाही. शितोळे सितोले होतात, फाळके फालके होतात, काळ्यांचे काले होतात. इंग्रजी लेखनात तर एकाच माणसाचे नाव तीन पत्रांत तीन तऱ्हांनी दिसते. शिवाय हुद्द्यावरून पडलेली आडनावे आहेतच. आज जे बक्षी किंवा पोतनीस आहेत, त्यांचे मूळ उपनाम वेगळेच असू शकते, आणि जुन्या कागदात तेच असते.

पुण्याचे पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दप्तर, विसरू नका. 1818 नंतर हे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि इनामांच्या चौकशीसाठी वापरले गेले. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा हजारो वतनदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. तिथे वंशावळीचा प्रश्न यायचाच. साताऱ्याकडे पाटीलकी सांभाळणाऱ्या भावाच्या कैफियतीत हिंदुस्थानात चाकरीला गेलेल्या भावाचे नाव असण्याची शक्यता चांगली असते. म्हणून आधी मूळ गाव शोधा. खुद्द शिंद्यांचे कण्हेरखेड साऱ्यांना ठाऊक आहे. आपले कोणते, हे पुष्कळांना सांगता येत नाही. गाव हरवले असेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहाव्यात. ते सरकारी दप्तर नव्हे, पण अडलेली गाठ तिथे सुटते.

छापील साधने आधी चाळली तर खेप वाचते. आनंदराव भाऊ फाळके यांनी संपादलेली 'शिंदेशाही इतिहासाची साधने' आणि गो. स. सरदेसायांनी 1930 ते 1934 मध्ये सिद्ध केलेले पेशवे दप्तराचे 45 भाग, यांच्या नावांच्या सूचीवरून नुसती नजर फिरवा.

नवख्याची सर्वांत मोठी फसगत तारखेत होते. मराठी दरबारी कागदांत सुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत, उलट्या क्रमाने लिहितात. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1161. त्यात 599 मिळवले की 1760 येते. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून 1760-61 धरायचे. हेच पानिपतचे साल. त्याच वर्षाचा हिजरी आकडा मात्र 1174 आहे. सुहूर 1174 म्हणजे 1773-74. दोहोंत गल्लत केली की पानिपतावर पडलेला पूर्वज तेरा वर्षांनी जिवंत होतो. हसू नका, असे एक वंशवृक्ष आमच्याकडे तयार झाले होते. ग्वाल्हेर दरबारच्या नंतरच्या कागदांत विक्रम संवत असते. त्यातून 57, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 56, वजा करावे.

या दप्तरांत कोण नाही, हेही सांगायला हवे. दरबाराने ज्याला पैसा दिला किंवा ज्याच्याकडून घेतला, त्याचेच नाव लिहिले गेले. सरदार पानोपानी दिसतो. भिस्ती, फरास, मोतद्दार पगाराच्या यादीत एका ओळीपुरता येतो, पुष्कळदा बापाच्या नावाशिवाय. मुलींची नावे वंशावळीत जवळजवळ नसतातच. बायकांना शोधायचे तर 'कोम', 'जौजे', 'बेवा' हे शब्द पाहावेत आणि दत्तकाची प्रकरणे काढावीत. बायजाबाईंनी 1827 मध्ये जनकोजींना आणि ताराबाईंनी 1843 मध्ये जयाजीरावांना दत्तक घेतले हे आपण शाळेत वाचले. वारस नसलेल्या घरांतूनही विधवांचे अर्ज जात, आणि तिथे ती बाई स्वतःच्या नावाने बोलते.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कुटुंबांची गोष्ट या संदर्भात आठवते. सरकारने त्यांची मुले काढून नेली, आणि आता त्याच सरकारच्या फायलींतून नातवंडे आपली आजी शोधतात. 1997 च्या चौकशी अहवालाने ही कागदपत्रे त्यांना खुली करावीत असे सांगितले. आपले दुःख त्या जातीचे नाही, तुलना तेवढी ताणू नये. पण लिहिणारा कारकून आपल्यासाठी लिहीत नव्हता, हे ध्यानात ठेवून वाचायची रीत त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

नको ते सापडले तर? हिशेबात अफरातफर म्हणून कमी केलेले पणजोबा, कधी वंशवृक्षात न आलेली दुसरी बायको आणि तिची मुले? आमच्यात यावर मतभेद आहेत. आम्हा बहुतेकांचे म्हणणे असे की त्या मुलांची नावे लिहावीत. त्यांचे वंशजही याच शहरात राहत असतील.

मोडीची अडचण खरी आहे. महाराष्ट्रात 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली आहे, त्यामुळे चांगला वाचक मिळायला वेळ लागतो. मुलांपैकी कोणाला गोडी असेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात.

तोपर्यंत घरातले कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, ऊन दाखवू नका. स्वच्छ सुती कापडात सैल बांधा, मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि कोणत्या पेटीत कोणत्या कागदाखाली काय होते ते पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. मग फोटो घेऊन मंडळात या. आपल्यातले दोघे-तिघे ज्येष्ठ अजून मोडी वाचतात. त्यांचे डोळे सकाळी बरे चालतात, तेव्हा दुपारी येऊ नका.