पांढऱ्या कोळशाचा हिशेब

मुंबईतल्या गिरण्यांच्या धुराड्यांनी एकेकाळी आभाळ असे काळवंडून टाकले होते, की १९१२ साली सरकारला धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. त्या धुरावरचा खरा उतारा मात्र सापडला सह्याद्रीत! घाटमाथ्यावर पावसाचे पाणी अडवायचे, बोगद्यातून आणि नळांतून कोकणात सोडायचे आणि त्या जोरावर वीज करायची. जमशेटजी टाटांची ही कल्पना त्यांच्या पश्चात साकार झाली. १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. या विजेला कौतुकाने 'पांढरा कोळसा' म्हणत. धूर नाही, राख नाही.

भिऱ्याला पाणी दिले मुळशीने. मुळा आणि नीला यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले आणि मावळातली ५२ गावे त्याच्या कचाट्यात सापडली. बुडणार होती ती खडकाळ माळराने नव्हेत, तर खोऱ्यातली भाताची खाचरे. ज्या आंबेमोहोराचा वास आजही मुळशीचे नाव सांगतो, त्याची ही भूमी. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे सत्याग्रहाला बसले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत होते आणि पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी इथेच मिळाली. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. पण कित्येक जमिनी सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि मोबदला चांगला मिळतो म्हटल्यावर सावकार कशाला अडून बसतील? कसणाऱ्याचे दुःख वेगळे, मालकाचे गणित वेगळे. १९२४ पर्यंत लढा विझला.

मुंबईची हवा सुधारली, हे नाकारण्यात अर्थ नाही. कोळशाच्या तुलनेत हे तंत्र स्वच्छच. परंतु ते मोजले गेले ते धूर जिथे होता तिथे. पाणी जिथून उचलले, तिथला जमाखर्च कुणी मांडला? पूर्वेला भीमेकडे जाणारी मुळा इथे उलटी वळवली गेली. तिचे पाणी आता कुंडलिकेला मिळते; कोलाडच्या नौकाविहाराची मौज भिऱ्यातून सुटणाऱ्या पाण्यावर चालते. इकडे पुण्यात मात्र तीच मुळा सांडपाणी वाहते.

आता पुन्हा घाटाकडे लक्ष वळले आहे. सूर्याची आणि वाऱ्याची वीज साठवायची, तर फावल्या वेळी पाणी वर चढवून नंतर खाली सोडावे लागते. २०२३ साली शिरवता आणि भिवपुरी येथे मिळून २,८०० मेगावॉटच्या अशा प्रकल्पांसाठी राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात करार झाला. शिरवता पुणे जिल्ह्यातच, मावळ तालुक्यात आहे.