वादक घडवणारा ड्रमवादक

गुरूची थोरवी सांगताना आपण बहुधा त्याच्यापाशी अखेरपर्यंत राहिलेल्या शिष्यांची नावे घेतो. अमेरिकन जाझमधील ड्रमवादक आर्ट ब्लेकी (१९१९-१९९०) याचा हिशेब मात्र त्याला सोडून गेलेल्यांवरूनच मांडावा लागतो. पिट्सबर्गच्या या कलावंताने ‘जाझ मेसेंजर्स’ हा आपला वाद्यवृंद पस्तीसएक वर्षे चालवला. ली मॉर्गन, फ्रेडी हबर्ड, वेन शॉर्टर, कीथ जॅरेट, किती नावे घ्यावीत! बहुतेक जण विशीत आले आणि थोड्याच काळात स्वतःची वाट धरून बाहेर पडले.

ब्लेकीने त्यांना वर्गात बसवून शिकवले नाही. रात्रीमागून रात्री श्रोत्यांपुढे उभे केले आणि स्वतःच्या रचना आणावयास लावल्या. १९५८ साली ध्वनिमुद्रित झालेले ‘मोनिन’ त्याच्या वृंदाची ओळखच ठरले. ते रचले होते बावीस वर्षांच्या पियानोवादक बॉबी टिमन्सने. पुढे शॉर्टरकडे तर त्याने वृंदाचे संगीतदिग्दर्शनच सोपवले. शिष्याच्या चिजेला आपण ताल धरायचा, हे ऐकायला सोपे; आपल्याकडील कित्येक उस्तादांना ते मानवले असते की नाही, शंकाच आहे. अर्थात मागे बसून तो गप्प राहत नसे. एखाद्याचे वादन रेंगाळू लागले, की ड्रमचा गडगडाट त्याला पुढे रेटी.

१९८० साली अठरा वर्षांचा विंटन मार्सालिस ट्रंपेट घेऊन आला. १९८२ मध्ये तो निघाला, तेव्हा त्याच्याच शिफारशीवरून विशीचा टेरेन्स ब्लँचर्ड त्या जागी उभा राहिला. ब्लेकीने साठी ओलांडली होती.