यंत्र वाईट नाही, पण आराखडा कोणाचा?

चोपडा तालुक्यात केळीच्या बागेला पाणी देणाऱ्या ठिबकचा एखादा छोटा प्लास्टिकचा जोड हातात घेऊन पाहा. तो पोलादी साच्यातून निघालेला असतो. साचा बनवायला मोठा खर्च येतो. एकदा तो तयार झाला की हजारो नग स्वस्तात निघतात. पण आराखडा चुकला तर साचा वाया जातो. त्यामुळे नवी वस्तू घडवणे हे आजवर भांडवल असणाऱ्यांचेच काम राहिले.

नेमके काय बदलले?

आता वस्तू आधी संगणकावर घडते. थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवतो आणि काही तासांत नमुना तयार होतो. तो बसवून पाहायचा, माप चुकले तर संगणकावर दुरुस्त करून पुन्हा छापायचा. या पद्धतीचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले आणि प्रिंटर झपाट्याने स्वस्त झाले. फ्रीकॅडसारखे आराखड्याचे सॉफ्टवेअर तर मोफतच मिळते.

याला मर्यादाही आहेत. हजारो नगांसाठी आजही साचाच परवडतो, आणि छापलेला भाग थरांच्या सांध्यावर कमजोर असू शकतो. पण साचाही आता संगणकाच्या आराखड्यावरूनच सीएनसी यंत्र कोरते. म्हणजे टर्नर-फिटरच्या हातातले कसब हळूहळू प्रोग्रॅममध्ये चालले आहे. यंत्रात माल भरणे-काढणे एवढेच ज्याला येते, त्या कंत्राटी कामगाराची नोकरी सर्वांत आधी धोक्यात येते. आपल्या वस्त्यांतले किती तरुण याच कामावर आहेत, हे वेगळे सांगायला नको.

गावातही हे शक्य आहे

पुणे जिल्ह्यातील पाबळ गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेरील पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथे उभी राहिली. ग्रामीण मुले तिथे गावाच्या गरजेची साधने स्वतः बनवायला शिकतात.

बाबासाहेबांची भूमिका

गांधीजींच्या यंत्रविरोधाला बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट उत्तर दिले. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. जातिव्यवस्थेत घडवणारे हात आपले होते. मालकी आणि मान मात्र दुसऱ्यांचा. नव्या तंत्रज्ञानात तेच पुन्हा घडू द्यायचे का?

म्हणून आयटीआयमधल्या तरुणांनी यंत्र चालवण्याबरोबर आराखडा काढायलाही शिकावे. बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी या कामासाठी एक संगणक ठेवावा. जयंतीच्या वर्गणीतला छोटा हिस्सा त्यासाठी पुरेल. 'शिका' या आदेशाचा आजच्या कारखान्यातला अर्थ हाच आहे.

जय भीम!