बालपरवेशी : पडलेल्या शिपायाच्या घरची बेगमी

बऱ्याच वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांच्या घरच्या रुमालांतील मोडी कागदांची यादी करीत असतां 'बालपरवेशी' या सदराची एक नोंद आमच्या दृष्टीस पडली. मुलांचें संगोपन, अर्थात् घरखर्च, असें समजून आम्हीं ती किरकोळ हिशेबांच्या गठ्ठ्यांत बांधून ठेविली. पुढें तो गठ्ठा घरच्या मंडळींनीं रद्दींत घातला. हिशेबच तो, त्यांचा तरी काय दोष? चूक वाचणाऱ्याची, म्हणजे आमची. तिचें अल्पस्वल्प परिमार्जन व्हावें म्हणून या शब्दाचा व त्यामागील व्यवस्थेचा खुलासा येथें करीत आहों.

शब्दाचा एक पाय संस्कृतांत व दुसरा फारशींत आहे. 'बाल' आपला, 'परवेशी' हें 'परवरिश' याचें मराठी वळण. लढाईंत पडलेल्या माणसाच्या मुलांमाणसांच्या पोषणार्थ सरकारांतून जी जमीन अगर रोख नेमणूक करून देत, ती बालपरवेशी. कै. गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींतून जे उतारे निवडले त्यांत अशा नेमणुका आहेत.

कल्पना मात्र पेशवाईंतील नव्हे. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांत भृत्यांच्या वेतनाचा विचार आहे. कामावर असतां मेलेल्यांच्या बायकामुलांस अन्नवेतन मिळावें, त्यांतील बालक, वृद्ध व आजारी यांजवर राजानें अनुग्रह करावा, प्रेतसंस्कार व प्रसूति अशा प्रसंगीं त्यांस द्रव्य द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. शुक्रनीतींत तर चाळीस वर्षें सेवा करणारास निमें वेतन तहहयात आणि त्याच्यामागें अज्ञान पुत्रास अगर पत्नीस त्याचेंही निमें, इतका तपशील आहे. पण हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांत रचला गेला असावा असें कित्येक पंडित साधार म्हणतात. तेव्हां त्यावर प्राचीनत्वाचा भार घालूं नये हें बरें. शेजारच्या कर्नाटकांत वीर पडल्यावर त्याच्या घरास जें भूमिदान देत, त्यास 'नेत्तरु-गोडगे' म्हणजे रक्ताबद्दलची देणगी असें नांव होतें. आमच्या मतें या नांवांत जो स्पष्टपणा आहे तो आपल्या सौम्य शब्दांत नाहीं.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर पहिला साक्षीदार सभासद. १६५९ त प्रतापगडाखालीं जें युद्ध झालें त्यानंतर पडलेल्यांच्या पुत्रांचें महाराजांनीं चालविलें, पुत्र नसेल तेथें बायकोस निमें वेतन करून दिलें व जखमींस जखम पाहून पंचवीसपासून दोनशें होनांपर्यंत बक्षिसें दिलीं, असें तो सांगतो. बखर जिंजीस १६९७ त लिहिली गेली. म्हणजे मध्यें अडतीस वर्षें लोटलीं. आंकडे खजिन्याच्या वहींतून घेतलेले नसून स्मरणांतील आहेत हें विसरतां कामा नये. तथापि पुत्र आणि निपुत्रिक विधवा असे जे दोन भाग तो करतो, ते आठवणींतून आपोआप उपजणारे नव्हेत. त्यामागें रीत असली पाहिजे.

आतां खरी अडचण पाहूं. बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसे; तो पडला तर घरचा कर्ता गेला. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. तो पडला व घोडाही गेला, तर कर्ता आणि भांडवल दोन्ही एकाच दिवशीं नाहींशीं झालीं. मोहिमेच्या तयारीस नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळे खरी. पण ती न पुरल्यास सावकाराचें दार होतेंच. मग ज्या घरीं परवेशीची सनद यावयाची, त्याच घरीं सावकाराचा तगादाही उभा राहावयाचा. तें कर्ज कोणी फेडावें?

येथें धर्मशास्त्र मनोरंजक आहे. याज्ञवल्क्याच्या मतें पित्याचें ऋण पुत्रानें फेडावें. मात्र मद्य, स्त्रीव्यसन वा द्यूत यांपायीं झालेलें फेडूं नये. पत्नीवर पतीच्या ऋणाचा बोजा नाहीं. तिनें मान्य केलेलें, पतीसह काढलेलें अगर स्वतः काढलेलें एवढेंच तिनें द्यावें. अज्ञान पुत्राकडे तर तो व्यवहारास योग्य होईपर्यंत मागणेंच नाहीं, असें कात्यायन म्हणतो. हें लक्षांत घेतलें म्हणजे मूल लहान असतां चालणाऱ्या नेमणुकीचें मोल कळतें. सावकारास थांबावयास शास्त्रानें सांगितलें, पण भुकेला थांबावयास कोण सांगणार? ती मधली वर्षें परवेशीनें काढावयाचीं. सावकार शास्त्र पाहून थांबत असत काय, हा प्रश्न निराळा.

याहून बिकट गोष्ट बेपत्ता माणसांची. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर किती घरांस आपला माणूस मेला कीं धरला गेला हेंच कळलें नाहीं! खुद्द सदाशिवराव भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनीं अखेरपर्यंत वैधव्य पत्करलें नाहीं. त्या १७८३ त वारल्या. मध्यंतरीं भाऊंचा तोतया निघाला व १७७६ त त्यास देहांत शासन झालें. पेशव्यांच्या घरची ही स्थिति, तर साध्या शिलेदाराच्या घरीं काय असेल? ऋणको परदेशीं जाऊन वीस वर्षें झालीं म्हणजे पुत्रपौत्रांनीं ऋण द्यावें असें विष्णुस्मृति सांगते. पानिपतावर हरवलेल्यांची ती मुदत १७८१ त भरते. पण परवेशी द्यावयाची तर माणूस 'पडला' असें कोणी तरी लिहून दिलें पाहिजे. म्हणून अशा नोंदींत पडल्याचें स्थळ व सरदाराचें नांव दिसल्यास तें काळजीपूर्वक उतरून घ्यावें. नोंदीचा अर्धा अर्थ त्यांत असतो.

संग्राहकांस एक सूचना. १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वयें इनाम कमिशन बसलें, तेव्हां जमिनीचा हक्क कागदानें शाबीत करणें प्राप्त झालें. त्यामुळें घराण्यांनीं जमिनीच्या सनदा जिवापाड जपल्या. रोख नेमणुकीच्या चिठ्ठ्या जपण्याचें कोणास कारण उरलें नाहीं. दप्तरांत जमिनीच्याच परवेश्या अधिक दिसल्या, तर सरकार जमीनच अधिक देई असें अनुमान लगेच काढूं नये. रोखीच्या चिठ्ठ्या हिशेबांच्या गठ्ठ्यांतच सांपडावयाच्या, आणि ते गठ्ठे प्रथम उघडावे.