नळ कुणी जोडायचा आणि हिशेब कुणी करायचा?

वडसा म्हणजे रेल्वेचे गाव. गोंदिया–नागभीड–चांदा फोर्ट मार्गावरच्या या स्थानकातून गडचिरोली जिल्ह्यातली आमची मुले नागपूर, हैदराबाद, पुणे गाठतात. त्यातली किती मुले तिथे जाऊन सिक्युरिटी गार्डचा गणवेश चढवतात, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. मॉलच्या किंवा दवाखान्याच्या दारात बारा-बारा तास उभे राहायचे आणि आग लागली तर सर्वांत आधी धावायचे ते त्यांनीच. मात्र त्या इमारतीच्या छतातून पाण्याचे नळ कसे न्यायचे, धूर ओळखणारे यंत्र कुठे बसवायचे आणि या सगळ्याला खर्च किती, हे ज्या टेबलावर ठरते, त्या टेबलाशी आमचा मुलगा सहसा नसतो. आम्हाला आज त्या टेबलाबद्दल बोलायचे आहे.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. १७ बालकांपैकी ७ वाचली, १० गेली. त्यातली तीन होरपळून आणि सात धुराने गुदमरून गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. हा धुराचा आकडा नीट वाचावा. धूर आधी पोहोचतो, ज्वाळा नंतर. म्हणून झोपलेल्या माणसाला किंवा बोलता न येणाऱ्या बाळाला वाचवायचे तर पाणी शिंपडणारी यंत्रणा एकटी पुरत नाही. धूर हुंगून घंटा वाजवणारी यंत्रणाही लागते. भंडाऱ्यानंतर फायर ऑडिटच्या आदेशांचा राज्यभर पाऊस पडला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण दगावले. सरकारी दवाखान्यात कोणाची माणसे असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

ही विद्या काही आकाशातून पडलेली नाही. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची एक छोटी कुपी असते. नेहमीच्या लाल कुपीतला द्रव ६८ अंश सेल्सिअसला इतका फुगतो की काच फुटते आणि पाणी मोकळे होते. सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होत नाहीत. ज्याच्याखाली आग, तेच हेड फुटते. आता गणित पाहा. धान पिकवणाऱ्या माणसाला पाऊस मिलिमीटरमध्ये कळतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. साधारण धोक्याच्या जागेसाठी, समजा कापडाच्या दुकानासाठी, मिनिटाला ५ मिलिमीटर पाणी धरतात आणि एका हेडखाली जास्तीत जास्त १२ चौरस मीटर जागा. म्हणजे एका हेडला मिनिटाला ६० लिटर. दुकान २४ मीटर लांब, १२ मीटर रुंद असेल तर लांबीत ४ मीटरवर एक अशी ६ आणि रुंदीत ३ मीटरवर एक अशी ४, मिळून २४ हेड झाली. त्यातली १२ हेड एक तास चालवायची म्हटली तर ४३,२०० लिटर पाणी हवे. याला लागणारा गुणाकार-भागाकार आमच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. पुढे नळाच्या आतल्या घर्षणाने दाब किती घटतो, खांब-तुळई आड आली तर हेड कुठे सरकवायचे, हे शिकायला वेळ लागतो, पण तेही शिकता येते.

खरी मेख अंदाजपत्रकात आहे. नवखा माणूस नकाशावरची हेड मोजतो, नळाची लांबी मोजतो आणि दर लावून मोकळा होतो. मग एल्बो, टी, रिड्यूसर, हँगर, व्हॉल्व्ह, रंग, दाबाची चाचणी, कापाकापीत वाया गेलेले तुकडे, नागपूरहून वडशापर्यंतचे ट्रकभाडे, सगळे अंगावर येते. हे एकदा अंगावर आलेला ठेकेदार दुसऱ्यांदा काय करतो? काम मिळवण्यासाठी दर पाडतो आणि तोटा दुसरीकडून भरून काढतो. छतावरची हेड साहेबांना दिसतात, म्हणून तिथे हात लावत नाही. टाकी लहान करतो, पंप हलका घेतो, बॅटरी स्वस्तातली बसवतो. उद्घाटनाला घंटा वाजते, फोटो निघतो, आणि आगीच्या रात्री नळ कोरडा असतो. आमच्या मते अंदाजपत्रक लिहिणाऱ्याच्या हातात डॉक्टरइतकेच जीव असतात, म्हणून ते कुणाच्या हातात आहे हा आम्हाला किरकोळ प्रश्न वाटत नाही.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयपुढे मांडलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. आज आमची मुले आयटीआय करून वायरमन होतात, नळ फिटिंग करतात. शिडीवर चढून नकाशातली चूक आधी त्यांनाच दिसते. तरीही चाळीस वर्षांचा होईपर्यंत तो शिडीवरच राहतो. नकाशा वाचण्यापासून नकाशा काढण्यापर्यंतची पायरी त्याला कुणी दाखवत नाही. ही माहिती ठेकेदारांच्या घराघरात फिरते, गावात पोहोचत नाही.

नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, तिथे अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी मिळते. बारावी विज्ञानच्या मुलांनी तिची चौकशी करावी. शहरोशहरी 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा'च्या पाट्याही लागल्या आहेत. पैसे भरण्यापूर्वी तिथे एकच विचारा: आयएस १५१०५ आणि आयएस २१८९ शिकवता का? पहिले मानक स्प्रिंकलरचे, दुसरे आग ओळखून इशारा देणाऱ्या यंत्रणेचे. समोरचा गोंधळला तर परत फिरा. ही मानके भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून मोफत उतरवता येतात. त्यांच्यासोबत राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग वाचावा. भाषा इंग्रजी आहे, ही अडचण खरी. दोघातिघांनी मिळून शब्दकोश घेऊन बसावे. साइटवर काम केलेल्याला चित्रे लगेच उमगतात.

ही गोष्ट फक्त मॉलची आहे असेही नाही. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. दिवाळी सरली की गावोगाव रात्रभर नाटके चालतात, कापडी मंडपात हजारो माणसे मांडीला मांडी लावून बसतात. तिथे स्प्रिंकलर नको, पण वाटा किती रुंद, वायर कशी, जनरेटर मंडपापासून किती दूर, हे बघणारा माणूस हवा. मंडपांसाठीही आयएस ८७५८ हे मानक आहे. किती आयोजकांनी त्याचे नाव ऐकले असेल?

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 'ब', इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. देसाईगंज नगर परिषदेने हा कायदा लागू असलेल्या गावातल्या इमारतींची यादी आणि कुणाचे प्रमाणपत्र आले, कुणाचे नाही, हे फलकावर लावावे. आणि त्या प्रमाणपत्रांवर सह्या करणाऱ्या एजन्सींमध्ये वडशातली किती, तेही एकदा मोजावे.